पगार सहीचा असतो

बारावीचे निकाल लागले की मर्चंट नेव्हीच्या जाहिराती सुरू होतात. पांढरा गणवेश, खांद्यावर चार सोनेरी पट्ट्या, डॉलरमधला पगार. यातलं काही खोटं नाही. कप्तानाला पैसे भरपूर मिळतात आणि काही महिन्यांचा करार संपला की सलग मोठी सुट्टीही मिळते. फक्त हे पैसे नेमके कशाचे, ते जाहिरात सांगत नाही. जहाज हाकण्याचे म्हणावेत, तर वॉच, म्हणजे ब्रिजवरची पाळी, सांभाळायला तीन ऑफिसर असतातच. माझं मत असं की हा पगार सहीचा आहे. जहाजावर काहीही बिनसलं की जगातल्या कुठल्याही बंदरात पोलीस आधी ज्याला शोधतात, त्या माणसाच्या सहीचा.

तिथवर पोचायला दहा-बारा वर्षं लागतात. बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स. मग इंडियन मेरिटाइम युनिव्हर्सिटीची प्रवेश परीक्षा. वर्षभराचा डिप्लोमा किंवा तीन वर्षांची बी.एस्सी. नंतर कॅडेट म्हणून समुद्रावर. तिथे पांढऱ्या गणवेशापेक्षा बॉयलरसूट जास्त वापरावा लागतो, कारण गंज खरवडणे आणि रंग लावणे हाही शिक्षणाचाच भाग. पुढे सेकंड मेट, चीफ मेट आणि मास्टर (म्हणजे कप्तान) अशा तीन परीक्षा. लेखीचं एवढं काही नाही, धसका असतो तो ओरल्सचा. परीक्षक टेबलावर जहाजांची छोटी मॉडेलं मांडतो आणि विचारतो, ‘रात्र आहे, तुझ्या उजव्या अंगाला दुसऱ्या जहाजाचा लाल दिवा दिसतोय. वाट कोणी द्यायची?’ उत्तर द्यायला दोन क्षण लागले, तरी त्याच्या कपाळावर आठी चढते.

कोकणाला समुद्र नवा नाही. रत्नागिरी-रायगडच्या गावांनी ब्रिटिश कंपन्यांच्या जहाजांना पिढ्यान्‌पिढ्या खलाशी दिले, सारंग आणि सुकाणी दिले. ब्रिजवरचा, म्हणजे जहाज चालवण्याच्या कक्षातला, अधिकार मात्र गोऱ्यांचा होता. 5 एप्रिल 1919 रोजी सिंदिया या हिंदी कंपनीची ‘लॉयल्टी’ ही बोट मुंबईहून लंडनला निघाली. त्या कंपनीच्या उभारणीत सोलापूरच्या वालचंद हिराचंदांचा हात होता. पण हिंदी अधिकारी घडवण्याची सोय झाली ती 1927 मध्ये, माझगावच्या पाण्यात ‘डफरिन’ हे प्रशिक्षण जहाज उभं राहिलं तेव्हा. त्याची परंपरा पुढे ‘राजेंद्र’ने आणि नंतर नवी मुंबईतल्या ‘चाणक्य’ने चालवली. आज हिंदुस्थान जगाला नाविक पुरवणाऱ्या अगदी पुढच्या देशांपैकी आहे.

आता कामाचं. आठ ते बारा थर्ड मेट, बारा ते चार सेकंड मेट, चार ते आठ चीफ मेट. सकाळी तसंच रात्री. बहुतेक मोठ्या जहाजांवर कप्तानाला ठरावीक वॉच नसतो, म्हणजे तो चोवीस तास वॉचवरच असतो. झोपायला जाण्याआधी तो नाइट ऑर्डर्सच्या वहीत लिहितो: अमुक अंतराच्या आत जहाज येत असेल, दृश्यता कमी झाली, जरा जरी शंका आली, तरी मला बोलवा. त्याखाली प्रत्येक वॉचचा ऑफिसर सही करतो. रात्री अडीचला फोन वाजला तर अंगावर शर्ट चढवत वर धावायचं, आणि काहीच निघालं नाही तरी पोरावर चिडायचं नाही. चिडलात, तर पुढच्या वेळी तो फोन करणार नाही.

बंदरात किंवा कालव्यात शिरताना दोरीच्या शिडीवरून पायलट, म्हणजे तिथल्या पाण्याचा वाटाड्या, चढतो. सुकाण्याला हुकूम तोच देतो, जबाबदारी मात्र कप्तानाकडेच राहते. पनामा कालवा हा याला गाजलेला अपवाद. मार्च 2021 मध्ये ‘एव्हर गिव्हन’ हे जहाज सुएझ कालव्यात आडवं झालं तेव्हा ब्रिजवर इजिप्शियन पायलट होते. जहाज सहा दिवसांत सुटलं. भरपाईच्या वादात ते जुलैपर्यंत अडकून पडलं, आणि त्यावरचे खलाशी आपले हिंदुस्थानी होते.

त्याहून कडू प्रकरण ‘हेबेई स्पिरिट’चं. डिसेंबर 2007 मध्ये दक्षिण कोरियाच्या किनाऱ्याजवळ हा टँकर नांगरून उभा होता. ओढदोर तुटलेला एक क्रेनचा तराफा येऊन त्यावर आदळला आणि सुमारे 10,800 टन तेल समुद्रात गेलं. कप्तान जसप्रीत चावला आणि चीफ ऑफिसर श्याम चेतन खालच्या कोर्टात सुटले, वरच्या कोर्टाने त्यांना तुरुंगात धाडलं. घरी परतायला जून 2009 उजाडला. उभ्या जहाजाला कोणी येऊन धडकलं, तरी दीड वर्ष गेलं ते कप्तानाचं!

अधिकार मात्र दिवसेंदिवस आक्रसतो आहे. पूर्वी किनारा सुटला की कप्तान आपल्या जहाजाचा राजा. आता उपग्रहामुळे ऑफिस रोज केबिनमध्ये असतं: वेग का कमी केला, इंधन का वाढलं, बंदर कधी गाठणार? सुरक्षेसाठी कप्तानाने घेतलेल्या निर्णयात मालकाने आडवं येऊ नये, असं सोलास हा आंतरराष्ट्रीय करार सांगतो. तो आधार वापरायला पाठीचा कणा लागतो. जून 2015 मध्ये ‘संपूर्ण स्वराज्य’ टँकरच्या कप्तान राधिका मेनन यांनी ओडिशाजवळच्या खवळलेल्या समुद्रात एका भरकटलेल्या होडीतून सात मच्छीमारांना वर घेतलं. शौर्याचा आंतरराष्ट्रीय सागरी पुरस्कार मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला. तो निर्णय कोणा ऑफिसने नव्हे, ब्रिजवर उभ्या बाईने घेतला.

एवढं वाचूनही घरातल्या मुला-मुलीला जायचं असेल, तर खुशाल पाठवा. पण दोन गोष्टी आधी करा. डोळे तपासून घ्या, कारण रंगांधळ्याला डेकवर प्रवेश नाही आणि हे फी भरल्यावर कळून उपयोग नसतो. आणि ‘जहाजावर चढवतो’ म्हणून लाखोंची मागणी करणाऱ्या एजंटाला दारातूनच परत पाठवा. नोकरी लावून देण्यासाठी नाविकाकडून पैसे घेणं बेकायदा आहे. परवाना असलेल्या कंपन्यांची यादी नौवहन महासंचालनालयाकडे मिळते. ती न बघता एक रुपयाही देऊ नका.