घाडग्यांच्या सेक्शनमधले बाकीचे

श्रीवर्धन-हरिहरेश्वरला निघालेल्या गाड्या माणगावात वडापावापुरत्या थांबतात आणि पुढे सुटतात. तहसील कचेरीसमोरच्या नाईक यशवंत घाडगे यांच्या पुतळ्याशी थांबणारा विरळाच. मी थांबतो आणि गाडीतल्यांची बोलणी खातो.

पार्श्वभूमी उरकून टाकतो. दुसऱ्या महायुद्धात इटलीत हिंदी सैन्याच्या चौथ्या, आठव्या आणि दहाव्या डिव्हिजन लढल्या. मराठा पलटणी त्यांत होत्या. कारणं, तह, राजकारण इतिहासाच्या पुस्तकात सापडेल.

आता १० जुलै १९४४. जागा टायबर नदीचं वरचं खोरं. मराठा पलटणीतले घाडगे माणगाव तालुक्यातल्या पळसगाव-आमडोशीचे, वय २२. त्यांच्या सेक्शनवर अगदी जवळून मशीनगन सुरू झाली आणि ते सोडून सगळे मेले किंवा जखमी झाले. ते एकटेच धावले. ग्रेनेडने मशीनगन आणि ती चालवणारा दोन्ही गार केले, टॉमी गनने आणखी एकाला टिपलं. मग मॅगझिन संपलं.

इथे मी नेहमी अडकतो. टॉमी गनच्या मॅगझिनमध्ये वीस नाहीतर तीस गोळ्या. घोडा दाबून धरला तर दोन-तीन सेकंदांत खेळ खल्लास. नवं मॅगझिन चढवायला तेवढीही उसंत नव्हती. घाडग्यांनी नळीकडून बंदूक धरली. ऐवज पाच किलोच्या आसपास, नळी नुकतीच झाडलेली, म्हणजे तापलेली. त्या दस्त्याने त्यांनी उरलेल्या दोघांना ठार केलं. मग शत्रूच्या नेमबाजांनी त्यांना गाठलं. व्हिक्टोरिया क्रॉस मरणोत्तर मिळाला. नाव कासिनोच्या स्मारकावर आहे, आणि इटलीतल्या मोंतोने गावात २०२३ साली त्यांच्या नावाने सूर्यघड्याळ उभं राहिलं.

माझं कुतूहल मात्र ‘जखमी’ या एका शब्दात जिरलेल्यांभोवती घुटमळतं. जखमी होऊन जगलेल्यांपैकी मला नावाने ठाऊक असलेले म्हणजे नगर जिल्ह्यातले नामदेव जाधव, पण ते घाडग्यांच्या सेक्शनमधले नव्हेत. ९ एप्रिल १९४५, इटलीतलीच सेनिओ नदी. सोबतचे काही मेले, काही जखमी झाले, तेव्हा जाधवांनी दोन जखमींना एकेक करून पाण्यातून आणि सुरुंगांच्या पट्ट्यातून सुखरूप आणलं. परत जाऊन मशीनगनच्या ठाण्यांवर तुटून पडले. हाताला जखम झाली, टॉमी गन चालवता येईना, तर ती टाकून ग्रेनेड फेकले. पुढे ३९ वर्षं जगले, १९८४ साली पुण्यात गेले.

पण ज्याचा पाय गेला त्याचं काय? १९१७ साली मुंबईत निघालेली आणि पुढे खडकीला गेलेली क्वीन मेरी संस्था अपंग सैनिकांना हातकाम शिकवे. पुण्याचं कृत्रिम अवयव केंद्र १९४४ सालचंच. जखम पुरती भरायची, उरलेल्या पायाच्या मापाने खोबण बेतायची, मग चालायला शिकायचं. हे सगळं बुटाच्या हिशोबाने केलेलं. आमच्याकडे भात लावायचं तर अनवाणी घोटाभर चिखलात उतरावं लागतं, उकिडवं बसावं लागतं. न वाकणारा घोटा त्याला काय कामाचा? अनवाणी चालता येईल, उकिडवं बसता येईल, चिखलात उतरता येईल असा ‘जयपूर फूट’ आला तो १९६८ साली. टायबरच्या खोऱ्यात बाविशीत पाय गमावलेला गडी तोवर शेहेचाळीस वर्षांचा झालेला होता.