भागिले चौरस किलोमीटर

गोवा महाराष्ट्रापेक्षा दाट वस्तीचा आहे, असं सांगितलं तर चटकन कुणाला पटत नाही. आपण तिकडे जातो तेच मुळी गर्दीला कंटाळून; निदान पूर्वी तरी तसं होतं. पण २०११ च्या जनगणनेत गोव्याची घनता निघाली दर चौरस किलोमीटरला ३९४ माणसं आणि महाराष्ट्राची ३६५. २०२१ ची जनगणना वेळेवर झालीच नाही, म्हणून अजून याच आकड्यांवर भागवावं लागतं.

हिशेब शाळकरी आहे: लोकसंख्या भागिले क्षेत्रफळ. घोळ होतो तो भाजकात. महाराष्ट्राचं क्षेत्रफळ ३,०७,७१३ चौरस किलोमीटर. त्यात मुंबईचे दोन्ही जिल्हे मिळून अवघे ६०३, म्हणजे एका टक्क्याचा पाचवा हिस्सा. तेवढ्या जागेत राज्यातला दर नववा माणूस राहतो. हे दोन जिल्हे वगळले की उरलेल्या महाराष्ट्राची घनता ३२५ वर येते. ३६५ हा आकडा तसा कुठल्याच गावाचा नाही.

खुद्द मुंबईतही गंमत आहे. शहर जिल्ह्याची घनता १९,६५२, तर उपनगराची २०,९८०. आणि उपनगराच्या ४४६ चौरस किलोमीटरमध्ये नॅशनल पार्कचं जंगल, विहार-तुळशीचे तलाव, खाडीकाठची खारफुटी असं सगळं धरलेलं. कागदावर बिबट्याची जमीनही कुर्ल्याच्या भाडेकरूच्या वाट्याला येते. ती वजा केली तर खरी दाटी कितीतरी जास्त भरेल.

दुसऱ्या टोकाला गडचिरोली. क्षेत्रफळ १४,४१२ चौरस किलोमीटर, म्हणजे मुंबईच्या जवळपास चोवीसपट; माणसं पावणेअकरा लाखांच्या आत. घनता ७४. त्यातही वडसा-आरमोरीकडे वस्ती बरी, दक्षिणेला एटापल्ली-भामरागडकडे विरळ होत जाते. आता सरकारी निकष पाहा. आदिवासी आणि डोंगराळ भागात वीस हजार लोकांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र. सपाटीच्या तीस हजारांपेक्षा ही सवलतच. पण ७४ च्या घनतेला वीस हजार माणसं गोळा करायची तर २७० चौरस किलोमीटर लागतात. केंद्र अगदी मधोमध बांधलं तरी कडेचं गाव सरळ रेषेत नऊ किलोमीटरवर. आणि जंगलातली वाट सरळ नसते. पावसाळ्यात पर्लकोटा नदीचं पाणी पुलावर चढलं की भामरागडचा संपर्कच तुटतो. बाळंतपण काही पूर ओसरायची वाट पाहत नाही.

म्हणून अशा भागासाठी डोकी मोजून केंद्र देण्यापेक्षा पोचायला लागणारा वेळ मोजणं जास्त शहाणपणाचं. अडचण इतकीच, की निधीच्या फाइलीत दरडोई खर्चाचा रकाना असतो, आणि त्या रकान्यात गडचिरोलीचा प्रत्येक पूल महागडा दिसतो.