कॉम्प्युटर घेताना डब्याच्या आत काय आहे ते विचारा

ग्रामसंघांच्या बैठकांत अलीकडे एक विषय वरचेवर निघतो. गटासाठी कॉम्प्युटर घ्यायचा का, आणि घ्यायचा तर किती पैसे बाजूला काढायचे? मसाल्याची लेबलं, बिलं, कर्जाच्या हप्त्यांचे तक्ते, बैठकीचं इतिवृत्त, ऑनलाइन अर्ज, सगळ्यासाठी तालुक्याला जायचं, पानामागे पैसे मोजायचे आणि वर सगळ्याजणींची आधार कार्डं, पासबुकं त्या दुकानातल्या कॉम्प्युटरवर सोडून यायची. याला आता बायका कंटाळल्या आहेत, आणि ते बरोबरच आहे.

आज आम्ही बोलणार आहोत ते सुटे भाग निवडून जोडून घ्यायच्या कॉम्प्युटरबद्दल. दुकानदार त्याला असेंबल्ड म्हणतात. हिशेब धरलाय साधारण पस्तीस ते चाळीस हजारांचा, मॉनिटर आणि यूपीएस धरून. प्रिंटर आणि विंडोजचा परवाना यात नाही, ते वेगळे. भाव महिन्यामहिन्याला हलतात, रॅमचे तर फारच, त्यामुळे आम्ही एकेका वस्तूचा भाव सांगत बसणार नाही. प्रमाण तेवढं ध्यानात ठेवा. एकूण रकमेतले साधारण निम्मे पैसे प्रोसेसर, मदरबोर्ड आणि रॅम या तीन वस्तूंत जातात. उरलेल्या निम्म्यात बाकी सगळं बसवायचं.

लॅपटॉप का नको, असं कुणी विचारेल. घरच्या एकट्या माणसाला लॅपटॉप चांगला. पण गटाचा लॅपटॉप आज हिच्या घरी, उद्या तिच्या घरी जातो, आणि परवा कुणाच्या तरी मुलाच्या हातात असतो. डेस्कटॉप कार्यालयातच राहतो. दुसरं म्हणजे त्यातला एक भाग बिघडला तर तेवढाच बदलता येतो.

आता डब्याच्या आत काय असतं ते स्वयंपाकघरावरून समजून घेऊ. प्रोसेसर म्हणजे काम करणारे हात. रॅम म्हणजे ओटा. ओटा जितका मोठा तितकी भांडी एका वेळी मांडता येतात, आणि काम संपलं की ओटा रिकामा. एसएसडी किंवा हार्ड डिस्क म्हणजे कोठीची खोली. वीज गेली तरी तिथलं सामान जागेवर राहतं. मदरबोर्ड म्हणजे हे सगळं जिथे बसतं ती पाटी. आणि एसएमपीएस म्हणजे भिंतीतली वीज घेऊन ज्याला जेवढी लागते तेवढी वाटून देणारी पेटी.

हात, ओटा आणि कोठी यांत एकच वस्तू कमकुवत असली तर बाकीच्या चांगल्या असून उपयोग नाही. अन् दुकानात नेमकं एकाच वस्तूचं नाव मोठ्याने सांगतात. "ताई, आय फाइव्ह आहे, सोळा जीबी रॅम आहे, घेऊन टाका." इथे थांबायचं.

आमच्या ओळखीच्या एका ग्रामसंघाला तालुक्याच्या एका दुकानातून असाच "नवा आय फाइव्ह" आला. डबा नवा, मॉनिटर नवा, वर प्लॅस्टिकही तसंच. आत मात्र २०१२ सालचा प्रोसेसर. खोटं कुणी बोललं नव्हतं, तो खरोखर आय फाइव्हच होता! पण आय थ्री, आय फाइव्ह, आय सेव्हन ही फक्त दर्ज्याची नावं आहेत, आणि दरवर्षी दीडवर्षाला त्यांची नवी पिढी निघत आली. आपण विचारायचं ते पुढच्या आकड्याबद्दल. आय फाइव्ह ३४७० यातला पहिला तीन म्हणजे तिसरी पिढी. आय थ्री १२१०० यातले पहिले दोन आकडे बारा, म्हणजे बारावी पिढी, २०२२ सालची. नावाने धाकटा असलेला हा बारावा आय थ्री त्या तिसऱ्या आय फाइव्हला कुठल्या कुठे मागे टाकतो. म्हशीचं वय शिंगांवरून ओळखतो तसं प्रोसेसरचं वय या आकड्यांवरून ओळखायचं.

अशा जुन्या मालाची आणखी एक खूण आहे. कोटेशनमध्ये मदरबोर्डचं नाव एच ६१ आणि रॅम डीडीआर ३ असेल तर तो दुसऱ्या-तिसऱ्या पिढीचा माल आहे, मग बोर्ड कितीही नवाकोरा दिसो. यात वेगापेक्षा मोठी अडचण वेगळीच आहे. मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ला सुरक्षेचे मोफत बदल देणं १४ ऑक्टोबर २०२५ पासून बंद केलं आहे, आणि विंडोज ११ इंटेलच्या आठव्या पिढीच्या आधीच्या प्रोसेसरवर अधिकृतपणे चालत नाही. म्हणजे ज्या कॉम्प्युटरवर आपण बँकेचं काम करणार, त्याचं कुलूप पहिल्या दिवसापासून कच्चं.

या पैशांत आमच्या मते दोन जोड्या चांगल्या. एक, इंटेलचा आय थ्री १२१०० आणि त्याला एच ६१० मदरबोर्ड. दुसरी, एएमडी कंपनीचा रायझन ५ ५६०० जी आणि त्याला ए ५२० किंवा बी ४५० मदरबोर्ड. इंटेलचा प्रोसेसर एएमडीच्या बोर्डावर बसत नाही, आणि एकाच कंपनीतही पिढीप्रमाणे बैठक बदलते. म्हणून प्रोसेसर आणि बोर्ड नेहमी जोडीनेच विचारायचे. नावामागचं अक्षर नीट बघा. इंटेलच्या आकड्यामागे एफ असेल तर त्यात पडद्यावर चित्र दाखवायची सोयच नसते; तो थोडा स्वस्त मिळतो, पण मग वेगळं ग्राफिक्स कार्ड घ्यावं लागतं. एएमडीच्या ५६०० या प्रोसेसरमध्ये जी अक्षर असेल तरच ती सोय आहे. कुणी "ग्राफिक्स कार्ड टाकून देतो" म्हणालं तर नको म्हणा. आपल्या लेबलांना, तक्त्यांना, व्हिडिओ बघायला त्याची गरज नाही. ते पैसे एसएसडीत घाला.

रॅम आठ जीबी पुरे, पण आठची एकच पट्टी घ्या. चारच्या दोन घेतल्या तर दोन्ही खाचा भरतात आणि पुढे वाढवायला जागा उरत नाही. दोन पट्ट्यांनी थोडा वेग वाढतो हे खरं, पण आपल्याला ती रिकामी खाच जास्त मोलाची. डीडीआर ४ आणि डीडीआर ५ एकमेकींच्या जागी बसत नाहीत, कारण खाचच वेगळ्या ठिकाणी असते. एच ६१० बोर्ड दोन्ही प्रकारचे निघतात, तेव्हा बोर्ड कुठल्या रॅमचा आहे ते कोटेशनवर लिहून घ्या.

कोठीसाठी एसएसडीच. हार्ड डिस्क एक हजार जीबीची आणि एसएसडी त्याच्या निम्मीच मिळते, मग हार्ड डिस्क का नको, असं वाटतं खरं. पण हार्ड डिस्कमध्ये तबकडी फिरते, कॉम्प्युटर चालू होईपर्यंत चहा होतो, आणि चालू असताना वीज गेली, धक्का लागला तर ती लवकर खराब होते. पाचशे जीबीची एनव्हीएमई एसएसडी घ्या. पैसे कमी पडले तर अडीचशेची. फोटोंसाठी पुढे हार्ड डिस्क जोडता येते.

आता ज्या वस्तूकडे कुणी बघत नाही तिच्याकडे येऊ. आपल्या गावांत दाब वरखाली होतो, दिवसातून चारदा वीज जाते, आणि तो सगळा मार एसएमपीएस झेलतो. दुकानदार बहुतेक वेळा कॅबिनेटबरोबरच हलका एसएमपीएस देतात, त्यावर मोठ्या अक्षरात ४५० वॅट छापलेलं असतं. त्या अक्षरांकडे बघू नका. बाजूच्या कागदावर बारीक तक्ता असतो, त्यात बारा व्होल्टच्या खाली किती अँपिअर लिहिलंय ते वाचा. तिथे पंधरा असेल तर बारा गुणिले पंधरा, म्हणजे एकशे ऐंशी वॅट, कारण आजच्या कॉम्प्युटरचं जवळजवळ सगळं काम बारा व्होल्टवर चालतं. बाकीचे वॅट नुसते छापलेले. आपला हा कॉम्प्युटर साधं काम करताना शंभर वॅटसुद्धा घेत नाही, पण प्रश्न वॅटचा नसून आतल्या मालाचा आहे. हलका एसएमपीएस जळताना कधी कधी बोर्डालाही बरोबर घेऊन जातो. माहितीच्या कंपनीचा, ८० प्लस लिहिलेला, चारशे-साडेचारशे वॅटचा एसएमपीएस वेगळा लिहून मागा. कॅबिनेट मग साधं चालेल. मात्र त्याच्या मागच्या रिकाम्या पट्ट्या जागेवर आहेत ना ते बघा, नाहीतर पाली आणि झुरळं आत संसार मांडतात.

यूपीएस ६०० व्हीएचा पुरतो. काम जतन करून नीट बंद करण्यापुरता वेळ मिळाला म्हणजे झालं. त्यावर तासभर काम करायची अपेक्षा ठेवू नका. लेझर प्रिंटर यूपीएसच्या बॅटरीच्या सॉकेटवर कधीही लावायचा नाही. तो गरम होताना एकदम खूप वीज ओढतो. कार्यालयात इन्व्हर्टर असेल तर त्याचं बटण यूपीएस मोडवर आहे का ते वायरमनकडून बघून घ्या.

आणि अर्थिंग! डब्याच्या पत्र्याला हात लावल्यावर मुंग्या आल्यासारखं होत असेल तर अर्थिंग नाही किंवा तुटलंय असं समजा. कोळसा-मीठ घालून खड्डा केलेला असला तरी उन्हाळ्यात त्यात पाणी घालावं लागतं, हे विसरलं जातं. अवकाळीत विजा कडाडू लागल्या की नुसतं बटण बंद करून भागत नाही. पिन काढायची, इंटरनेटची वायरही काढायची.

कीबोर्ड आणि माउस साधे, वायरचे घ्या. मॉनिटर एकोणीस ते बावीस इंचांमधला कुठलाही चालेल, फक्त एचडीएमआयची जागा असलेला बघा.

विंडोजबद्दल स्पष्टच सांगतो. "फुकट टाकून देतो" म्हणजे चोरीची प्रत, आणि ती चालू करायला जे प्रोग्राम वापरतात त्यांतून व्हायरस येऊ शकतात. आपल्या गटाचं बँक खातं त्याच कॉम्प्युटरवर उघडणार आहे. परवाना घ्यायला पैसे नसतील तर उबंटू किंवा सी-डॅकची बॉस ही लिनक्स प्रणाली खरोखरच मोफत आहे, आणि लिब्रेऑफिसही मोफत आहे. मराठी युनिकोड टायपिंग दोन्हीकडे होतं. पण तुमचा हिशेबनीस टॅली वापरत असेल तर विंडोज लागेल, तेव्हा हे आधी त्याला विचारा.

बजेट पंधरा हजारांच्या आसपासच असेल, तर नवा आणि हलका घेण्यापेक्षा मोठ्या कार्यालयातून निघालेला, दुरुस्त केलेला कंपनीचा कॉम्प्युटर बरा, पण आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचाच, उदाहरणार्थ आय फाइव्ह ८५००. त्यातल्या लहान डब्यांचे एसएमपीएस आणि बोर्ड खास मापाचे असतात, बाजारातले बसत नाहीत. म्हणून वॉरंटी लेखी हवी.

खरेदीची रीत आपल्याला नवी नाही. ठराव करायचा, खरेदी समिती नेमायची, तीन कोटेशनं घ्यायची. फक्त तिन्ही दुकानांत आपली एकच यादी द्यायची, प्रत्येक भागाच्या कंपनीसह आणि क्रमांकासह. "आय फाइव्ह कॉम्प्युटर संच" एवढंच लिहिलेलं कोटेशन बाजूला ठेवा, त्याची तुलनाच होत नाही. दुकानात दोघी-तिघी मिळून जा. बरोबर कुणी पुरुष असला तर दुकानदार त्याच्याशीच बोलतो, हे सगळ्याजणींनी पाहिलंय. यादी आपल्या हातात असली की त्याला आपल्याशी बोलावं लागतं. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर भाव कमी मिळेल, पण भाग बिघडल्यावर तिथवर पुन्हा जायचा खर्च धरून बघा.

"बिल नको असेल तर अठरा टक्के वाचतात" असं कुणी म्हटलं तर ते जीएसटीचे अठरा टक्के. पक्क्या बिलाशिवाय वॉरंटी मागता येत नाही. असेंबल्ड कॉम्प्युटरला एक वॉरंटी नसते, भागागणिक वेगळी असते, म्हणून बिल ग्रामसंघाच्या नावाचं आणि त्यावर प्रत्येक भागाचा सिरीयल क्रमांक असा आग्रह धरा. पैसे चेकने किंवा खात्यातून द्या. पुढे दुकानदार दाद देत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.

शेवटचे पैसे द्यायच्या आधी दुकानातच कॉम्प्युटर चालू करून घ्या. विंडोज असेल तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकत्र दाबा. टास्क मॅनेजर उघडतो. त्यात परफॉर्मन्सवर गेलात की प्रोसेसरचं पूर्ण नाव आकड्यासह दिसतं, रॅम किती आणि किती खाचा भरल्यात ते दिसतं, डिस्क एसएसडी आहे की हार्ड डिस्क तेही दिसतं. यादीशी एकेक ओळ ताडून बघा, फोटो काढा. सुट्या भागांची खोकी मागून घ्या आणि वॉरंटी संपेपर्यंत टाकू नका. घरी आल्यावर त्याच दिवशी मालमत्ता नोंदवहीत सिरीयल क्रमांकांसह नोंद करून अध्यक्ष-सचिवांच्या सह्या घ्या.