रान-नासपाती: गैरसमज आणि वस्तुस्थिती

प्रवरेच्या पाटपाण्यावर मोसंबी जोपासणाऱ्या बेलापूरच्या बागाईतदाराचा नासपातीशी परिचय बहुधा बाजारातल्या टोपलीपुरताच असतो. त्यामुळे ताजिकिस्तान, किरगिझस्तान आणि उझबेकिस्तान यांच्या डोंगराळ मुलखात तग धरून असलेली बुखारी रान-नासपाती, जिची नोंद आंतरराष्ट्रीय निसर्गसंरक्षण संघाच्या लाल यादीत 'अतिसंकटग्रस्त' या वर्गात झाली आहे, ती नामशेष झाली तर आपले काय बिघडले, असे त्यास वाटणे स्वाभाविक आहे. परंतु या वाटण्यामागे ज्या समजुती आहेत त्यांची शहानिशा करणे अगत्याचे आहे.

गैरसमज १: नासपाती हिंदुस्थानात इंग्रजांनी आणली.

वस्तुस्थिती: युरोपीय वाण त्यांनी हिमालयात रुजविले, हे खरे. तथापि सातव्या शतकातील चिनी यात्रेकरू ह्युएनत्संग याने, कनिष्काकडे ओलीस राहिलेल्या चिनी राजपुत्राने हे फळ येथे आणल्याची आख्यायिका नमूद केली आहे. आख्यायिकेचा खरेखोटेपणा बाजूस ठेवला, तरी त्या काळी हे फळ येथे परिचित होते, एवढे त्यातून सिद्ध होते.

गैरसमज २: रानटी झाडाचे फळ हलके, म्हणून झाडही कुचकामी.

वस्तुस्थिती: मोसंबीचे झाड बुंध्याशी वाकून न्याहाळावे. डोळा भरल्याच्या जागी सांध्याची खूण दिसते. तिच्या वर मोसंबी आणि खाली जंबेरीचा अथवा रंगपूर लिंबाचा खुंट, आणि मुळे सर्वस्वी त्या खुंटाचीच असतात. मध्य आशियात बुखारी रान-नासपाती हेच कार्य करते. हिमालयाच्या उतारांवर ते मेहल नावाच्या तिच्या भगिनीकडे आहे. शिवाय बुखारी नासपातीची फळे स्थानिक लोक खातात आणि विकतातही.

गैरसमज ३: वृक्ष नाहीसे होतात ते केवळ कुऱ्हाडीमुळे.

वस्तुस्थिती: येथे झाडाची उपयुक्तताच त्याच्या मुळावर उठली आहे. फळे बेसुमार गोळा केल्यामुळे बी जमिनीत पडत नाही, कलमांच्या खुंटासाठी रोपे उपटून नेली जातात, आणि जी उरतात ती गुरे-मेंढ्यांच्या चराईत फस्त होतात. परिणामी जुने वृक्ष उभे दिसले तरी त्यांच्यामागे वारस राहत नाही.

गैरसमज ४: एखादे कलम उद्यानात लावले की जात वाचली.

वस्तुस्थिती: नासपातीला सामान्यतः स्वतःच्या परागाने फळ धरत नाही; त्यासाठी भिन्न वंशाचा शेजारी लागतो. एकाच झाडापासून केलेली शंभर कलमे ही आनुवंशिक दृष्ट्या एकच झाड होत, आणि जो रोग एकास मारील तो सर्वांस मारील. म्हणून अनेक झाडांचे बी राखणे, रोपे वाढविणे आणि ती गुरांच्या तोंडापलीकडे जाईपर्यंत चराईचा बंदोबस्त करणे, हाच खरा उपाय आहे. महाराष्ट्र शासनाने २०२१ साली सिंधुदुर्गातील बांबर्डे येथील रानजायफळीच्या पाणथळ राईस जैवविविधता वारसास्थळाचा दर्जा दिला, तेव्हा सुटे झाड न राखता त्याचे संपूर्ण वसतिस्थान राखण्याचे हेच तत्त्व मान्य केले. आपल्या प्रत्येक रानफळझाडास ते लागू झाले पाहिजे.