वालचंदांच्या मोटारीचे पुढे काय?

सोलापुरात 1882 मध्ये जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांनी 1944 मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली. अमेरिकेच्या क्रायस्लरशी करार करून कुर्ल्याच्या कारखान्यात आधी डॉज, प्लायमाउथ जुळवल्या गेल्या. पुढे फियाट आली आणि तिचीच पद्मिनी झाली. मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी 2003 मध्ये नोंदली गेली. वीस वर्षांची मुदत संपताच, ऑक्टोबर 2023 मध्ये ती रस्त्यावरून उतरली.

टॅक्सी दिवसभर धूर सोडते, तिला मुदत हवीच. पण एखाद्या घराने जपलेली, वर्षातून चार वेळा बाहेर पडणारी गाडी त्याच तराजूत तोलणे अन्यायाचे ठरेल. केंद्राच्या 2021 च्या नियमांनी हा फरक मानला आहे. पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ रूपातल्या खासगी गाडीला ‘व्हीए’ अक्षरांचा क्रमांक आणि दहा वर्षांची नोंदणी मिळते; प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती यांसाठी ती चालवता येते, रोजच्या वापरासाठी नाही. 1974 ची पद्मिनी आता या वयाची झाली आहे.

खरी अडचण इंधनाची आहे. सोलापूर जिल्ह्यातले साखर कारखाने ज्या इथेनॉलवर भर देतात, तेच पेट्रोलमधून जुन्या कार्बोरेटरचे रबरी भाग खराब करते. इथेनॉल सोसणारे पाइप आणि वॉशर बसवले, टाकीत पाणी साचू दिले नाही, तर इंजिन टिकते.