वसाहत लहान, तरी माश्या घर का सोडतात?

फांदीला अचानक मधमाश्यांचा घोस लटकतो आणि काही वेळाने गायबही होतो. हे पळून जाणे नव्हे, ही घराची वाटणी. गंमत म्हणजे घर सोडते ती जुनी राणी, जवळपास निम्म्या कामकरी माश्यांना घेऊन.

राणीच्या अंगावरचा गंधद्रव कामकरी माश्या चाटतात आणि एकमेकींना देतात. राणी घरात आहे, ही बातमी अशी तोंडोतोंडी फिरते. दाटी झाली की ती कोपऱ्यापर्यंत पोचत नाही. मग नव्या राण्यांसाठी पोळ्याच्या खालच्या कडेला शेंगदाण्यासारखी राणीघरे लोंबू लागतात. छोटी वसाहतही यातून सुटत नाही, कारण नुसत्या संख्येपेक्षा अंडी घालायला उरलेली जागा महत्त्वाची. २०२२ मध्ये ‘मधाचे गाव’ ठरलेल्या महाबळेश्वर तालुक्यातील मांघरमध्ये पाळतात त्या सातेरी माशीला तर घर सोडण्याची ही खोड जास्तच.

म्हणून फुलोऱ्याआधीच पेटीत रिकामी चौकट द्यावी आणि दर आठवड्याला झाकण उघडून राणीघरे शोधावीत. आठवडाच का? अंड्यापासून राणी व्हायला साधारण १६ दिवस लागतात, पण राणीघराचे तोंड निम्म्या वाटेवरच मेणाने बंद होते आणि थवा बहुधा त्याच सुमारास उडतो. राणीघरे खुडताना मात्र आधी अंडी शोधावीत. ती नसतील, म्हणजे जुनी राणी निघून गेलेली असेल, तर एक राणीघर ठेवावेच लागते.