विश्लेषण : बोंडअळीची अंडी आणि तिच्या शत्रूंची घाई

जळगाव, धुळे जिल्ह्यांत ठिबकवर मे महिन्यातच पूर्वहंगामी कपाशी लावली जाते. मात्र २०१७च्या हंगामात गुलाबी बोंडअळीने राज्यभर मोठे नुकसान केले. त्यानंतर काही हंगामांत कृषी विभागाने १ जूनपूर्वी कपाशीचे बियाणे शेतकऱ्यांना विकू दिले नाही. या निर्बंधामागे किडीच्या प्रजननाचे गणित आहे.

मादी अंडी कुठे घालते?

मादी पतंग रात्री अंडी घालते. सुरुवातीला पाते-फुलांजवळ, बोंडे धरली की हिरव्या बोंडाच्या देठाकडील पाकळीआड. तिथे भक्षक कीटकांना ती सहज सापडत नाहीत. साधारण चार-पाच दिवसांत अळी निघते आणि लगेच बोंडात शिरते. मग तिच्यापर्यंत ना भक्षक पोहोचतो, ना फवारा.

ट्रायकोग्रामा काय करते?

जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचा हा मित्रकीटक नेमके हे चार-पाच दिवस साधतो. त्याची मादी पतंगाच्या अंड्यावर फिरून त्याचा आकार अजमावते आणि आत स्वतःचे अंडे घालते. तिचे पिल्लू ते अंडे आतून खाते. अंडे काळे पडते आणि त्यातून अळीऐवजी ट्रायकोग्रामा बाहेर येते.

तिच्या फलित अंड्यांतून माद्या, तर अफलित अंड्यांतून नर जन्मतात. काही प्रजातींत मात्र वोल्बाकिया हा जिवाणू शिरला, की नराशिवायही माद्याच जन्मतात. जिवाणू आईकडूनच पुढच्या पिढीत जातो, त्यामुळे माद्या वाढण्यातच त्याचा फायदा. म्हणजे परोपजीवीच्या वंशावरही दुसऱ्या परोपजीवीचा ताबा!

शेतकऱ्याने काय करावे?

बोंडअळीसाठी ट्रायकोग्रामाटॉयडिया बॅक्ट्री या प्रजातीची हेक्टरी दीड लाख अंडी ट्रायकोकार्डद्वारे सोडण्याची शिफारस आहे. अळी बोंडात गेल्यावर कार्ड लावून उपयोग नाही. कामगंध सापळ्यांत पतंग दिसू लागताच पट्ट्या पानांखाली लावाव्यात. त्यानंतर काही दिवस रासायनिक फवारणी टाळावी, अन्यथा मित्रकीटकच आधी मरतात.

मग लागवडीच्या तारखेचा संबंध काय?

मे-जूनमध्ये कोषातून निघालेल्या पतंगांना शेतात पाते-फुले मिळाली नाहीत, तर त्यांचा वंश तिथेच थांबतो. पूर्वहंगामी कपाशी त्यांना आयता आसरा देते आणि हंगामानंतर राखलेली फरदड तो आसरा आणखी लांबवते.